तीन करांची झारी

आमच्या इंग्रजीच्या बाईंच्या दिवाणखान्यात भिंतीतले एक काचेचे कपाट होते. त्यात यजमानांना मिळालेली टेनिसची ढाल, गौरी-गणपतीला बाहेर निघणारी चांदीची उपकरणी आणि या सगळ्यांत परकी वाटणारी एक उंच झारी असे. अंग काचेचे, त्यावर बारीक पैलू पाडलेले. गळा, मूठ, तोटी आणि झाकण चांदीचे. झाकणावर ढाल धरून उभा राहिलेला अंगठ्याएवढा सिंह. बाईंच्या सासऱ्यांनी सत्तेचाळीस साली खडकीच्या छावणीत, मायदेशी निघालेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या सामानाच्या लिलावात ती घेतली होती. ते स्वतः चहासुद्धा न पिणारे गृहस्थ. ही वस्तू कशासाठी घडवली होती, हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि त्यांनी विचारलेही नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्या घरी तिच्यातून पन्हे दिले जाई.

बारा वर्षांपूर्वी बाईंनी ती माझ्या हातात दिली. "अरे, तू हल्ली इंग्रजांच्या चांदीचं काय काय वाचत असतोस ना? हिचं काय ते सांग बघू." मला तेव्हा या विषयाचा नाद लागून तीन-चार वर्षे झाली होती. गुरू कोणी नव्हता. जुन्या लिलावांच्या याद्या, रद्दीत मिळालेली दोन-तीन पुस्तके आणि घड्याळजीचे भिंग एवढेच भांडवल होते. मी भिंग लावून पाहिले आणि काय ते सांगितले. ते मी चुकीचे सांगितले. कसे, ते शेवटी येईलच. पण ती चूक समजायला मला जी वर्षे लागली, त्यांत या झारीचा इतिहास हाती आला, म्हणून आधी तो.

इंग्रजीत हिला क्लॅरेट जग म्हणतात. मराठीत 'जग' लिहिले की वाचकाला विश्वाची आठवण होते, म्हणून मी झारीच म्हणणार. मूठ, तोटी आणि झाकण असलेल्या ओतण्याच्या भांड्याला आपल्याकडे हा शब्द आहेच, शिवाय तिच्या तोटीत अडून बसणारे शुक्राचार्यही आपल्या ओळखीचे आहेत. बळीराजाच्या दानाचे पाणी अडवायला ते झारीत शिरले आणि वामनाच्या दर्भाने डोळा गमावून बसले. इंग्लंडच्या या झारीतही शुक्राचार्य होते. ते सरकारी नोकरीत होते एवढाच फरक.

क्लॅरेट म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दो प्रांतातली तांबडी वाइन. हे नाव इंग्रजांनी दिले. मूळचा फ्रेंच शब्द फिकट रंगाच्या वाइनसाठी होता. इंग्रजांचे या वाइनशी नाते लग्नातून जुळले. अक्वितेनची एलिनॉर हिने ११५२ मध्ये हेन्री प्लांटाजेनेट याच्याशी विवाह केला, दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला आणि बोर्दोचा सगळा मुलूख इंग्रजी राजाच्या हाताखाली आला. १४५३ मध्ये कास्तियोंच्या लढाईत तो कायमचा गेला. म्हणजे तीनशे वर्षे ही वाइन इंग्रजांना जवळजवळ घरची होती. मुलूख गेला तरी चव राहिली. सॅम्युअल पीप्सच्या रोजनिशीत १० एप्रिल १६६३ या दिवशी लंडनच्या एका खानावळीत चाखलेल्या 'हो ब्रायन' नावाच्या फ्रेंच वाइनची नोंद आहे. ओ-ब्रियों हे नाव त्याने कानाला लागले तसे लिहिले. बोर्दोच्या एका विशिष्ट मळ्याची वाइन नावाने ओळखली गेल्याच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक.

पुढच्या पन्नास वर्षांत चित्र पालटले. फ्रान्सशी वैर, त्यापायी फ्रेंच मालावर बंदी आणि जबर जकात. २७ डिसेंबर १७०३ रोजी इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात मेथ्युएन करार झाला. इंग्रजी लोकरी कापड पोर्तुगालने घ्यायचे आणि त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज वाइनवरची जकात फ्रेंच वाइनपेक्षा निदान एक-तृतीयांशाने कमी ठेवायची. कापडासाठी केलेल्या या कराराने इंग्रज माणसाच्या जिभेचा कायापालट केला. अठराव्या शतकातला इंग्रज जमीनदार पोर्ट पिऊ लागला. पोर्ट गोड, जड आणि ब्रँडी घालून कडक केलेली. क्लॅरेट नाहीशी झाली नाही. श्रीमंतांच्या तळघरात आणि स्कॉटलंडमध्ये ती टिकली, पण मध्यमवर्गाच्या मेजावरून उठली.

हा झाला पहिला कर. १८३१ मध्ये दोन्ही देशांच्या वाइनवरची जकात सारखी झाली. खरा फरक पडला तो १८६० मध्ये. त्या वर्षीच्या जानेवारीत रिचर्ड कॉब्डेन आणि मिशेल शेव्हालिए यांनी इंग्लंड-फ्रान्स व्यापारी तह घडवून आणला आणि अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी वाइनवरचा कर गॅलनमागे ५ शिलिंग ९ पेन्सवरून ३ शिलिंगांवर आणला. १८६२ मध्ये कर मद्यार्काच्या प्रमाणावर ठरू लागला. हलक्या वाइनला गॅलनमागे १ शिलिंग, कडक वाइनला अडीच शिलिंग. क्लॅरेट हलकी, पोर्ट कडक. मेथ्युएनने जे तागडे पोर्तुगालकडे झुकवले होते, ते ग्लॅडस्टनने दीडशे वर्षांनी उलटे फिरवले. किराणा दुकानदारांना बाटलीबंद वाइन विकण्याचे परवाने मिळाले आणि स्वस्त क्लॅरेटला लोक गमतीने 'ग्लॅडस्टन क्लॅरेट' म्हणू लागले. पूर्वी सरदाराच्या घरी असणारी वस्तू आता डॉक्टर, वकील, कारखानदार यांच्या मेजावर आली. साहजिकच ती वाढायला भांडेही आले.

पण काचेचेच का? सरळ बाटलीतून का नको?

जुन्या तांबड्या वाइनच्या तळाशी साका बसतो. रंगद्रव्य आणि तुरट द्रव्ये वर्षानुवर्षांत एकत्र येऊन खाली बसतात. बाटली आडवी ठेवलेली असली तर कडेला थर धरतात. मेजावर नेऊन बाटली हलवत पेल्यात ओतली तर साका चढतो, वाइन गढूळ आणि कडवट होते. म्हणून घरचा मुख्य नोकर बाटली आधी उभी ठेवी, मग तिच्या मानेखाली मेणबत्ती धरून एका दमात दुसऱ्या भांड्यात वाइन ओती. ज्योतीच्या उजेडात मानेपाशी काळी रेघ दिसली की थांबे. उरलेली बोटभर वाइन स्वयंपाकघरात जाई. आपण तूप कढवल्यावर बेरी खाली ठेवून वरचे निवळ ओततो, तसेच हे. स्वच्छ झालेल्या वाइनचा रंग पाहणे हा पिण्यातला निम्मा आनंद, आणि तो आनंद चांदीच्या भांड्यात मिळत नाही. त्याला काच हवी, आणि तीही हिरवट बाटलीची नव्हे, पाण्यासारखी स्वच्छ.

अशी काच इंग्लंडनेच घडवली. १६७४ मध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट या व्यापाऱ्याने नव्या काचेचे पेटंट घेतले. व्हेनिसच्या पातळ, ठिसूळ काचेला पर्याय शोधण्याची त्याची धडपड होती. त्याच्या पहिल्या भांड्यांना आतून जाळीसारख्या भेगा पडत. क्षारांचे प्रमाण बिघडल्यामुळे काच घाम फुटल्यासारखी ओलसर होऊन तडकत जाई. मग मिश्रणात शिशाचे ऑक्साइड घातले गेले आणि रोग बरा झाला. खात्री म्हणून तो भांड्यांवर डोमकावळ्याच्या डोक्याची मुद्रा लावू लागला, कारण त्याच्या नावातच 'रेव्हन' होता. शिशाची काच जड असते, टिचकी मारली तर घंटेसारखी घुमते, तुलनेने मऊ असल्याने तिच्यावर खोल पैलू पाडता येतात आणि प्रकाश तिच्यात जास्त वळतो, म्हणून ती चमकते. बाईंच्या झारीला मी नखाने टिचकी मारली होती, तेव्हाचा नाद मला अजून आठवतो.

जड असणे हा या काचेचा गुण, आणि तोच तिच्या मुळावर आला. १७४५ च्या कायद्याने काचेवर वजनी अबकारी कर बसला. वितळवायच्या मालाच्या वजनावर कर, मग शिशाची जड काच सर्वांत महाग पडणार हे उघडच आहे. १७७७ मध्ये तो दुप्पट झाला. कर वसूल करण्याची रीत कराहूनही जाचक. अबकारीचे अधिकारी कारखान्यातच ठाण मांडून असत. मुशीत माल भरायचा तर त्यांना आधी लेखी कळवायचे, आणि भांडी हळूहळू थंड करायच्या भट्ट्यांना कुलपे त्यांची. नवा प्रयोग करायचा म्हटले की आधी परवानगी, मग फसलेल्या मालाचा हिशेब. हे खरे झारीतले शुक्राचार्य. अठराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजी पेले हलके होत गेले आणि जड पैलूंऐवजी कोरीव कामाकडे वळले, याचे कारण हा कर असे बहुतेक पुस्तकांत सांगितले असते. माझ्या मते त्यात अर्धेच सत्य आहे, कारण त्याच काळात सगळ्या युरोपची अभिरुचीही हलक्या, नाजूक घाटांकडे चालली होती. पण आयर्लंडचे उदाहरण करवाल्यांच्या बाजूने साक्ष देते. तिथे हा कर नव्हता, १७८० मध्ये निर्यातीची मोकळीक मिळाली, १७८३ मध्ये वॉटरफर्डचा कारखाना निघाला, इंग्रज कारागीर समुद्र ओलांडून गेले आणि जाड, खोल पैलूंची काच तिकडे बहरली. १८२५ मध्ये आयर्लंडलाही कर लागला आणि तो बहर ओसरू लागला.

१८४५ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी काचेवरचा कर मुळातूनच काढला. सहा वर्षांनी लंडनच्या हाइड पार्कमध्ये सुमारे ३ लाख तावदानांचा स्फटिक महाल उभा राहिला. कर असता तर असली इमारत कोणी कागदावरही काढली नसती. त्या महालाच्या मधोमध बर्मिंगहॅमच्या एफ. अँड सी. ऑस्लर कंपनीने घडवलेले २७ फूट उंचीचे काचेचे कारंजे होते. याच ऑस्लरची कलकत्त्यात पेढी होती आणि संस्थानिकांच्या राजवाड्यांत तिची झुंबरे लागली. स्टोअरब्रिज परिसरातल्या काचकारखान्यांना चांगले दिवस आले. तिथे दगडी कोळसा होता, मुशींना लागणारी उष्णतारोधक माती होती आणि आता डोक्यावर अबकारीवाला नव्हता. बोहेमियातून नक्षीकार तिथे येऊन स्थायिक झाले. तांब्याच्या छोट्या फिरत्या चाकावर काच धरून ते वेली, मासे, पऱ्या कोरत. पैलू पाडणाऱ्यांचे काम याहून रांगडे आणि धोक्याचे. लोखंडी चाक, मग दगडी चाक आणि शेवटी चकाकी आणायला कथील आणि शिसे यांची भुकटी. ती ओली भुकटी चाकावरून उडून तोंडात जाई, नाकात जाई. शिशाची विषबाधा हा या धंद्यातला ठरलेला आजार होता. मनगट लुळे पडे. दिवाणखान्यात लखलखणाऱ्या प्रत्येक पैलूवरून कुणाचा तरी हात असा फिरलेला आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि ठाऊक झाल्यापासून विसरता येत नाही.

तिसरा कर चांदीवरचा. १७८४ मध्ये चांदीच्या भांड्यांवर औंसामागे ६ पेन्स कर लागला. वाढत वाढत १८१५ मध्ये तो १ शिलिंग ६ पेन्स झाला. संपूर्ण चांदीची झारी करायची तर चांदीची किंमत, घडणावळ आणि वर हा कर. काचेच्या अंगाला फक्त गळा, मूठ आणि झाकण चांदीचे केले तर थोड्या औंसांत काम भागते आणि चांदीचा थाट पुरता राहतो. म्हणून मला वाटते की ही झारी हे तीन करांचे अपत्य आहे. वाइनवरचा कर उतरला, काचेवरचा गेला आणि चांदीवरचा राहिला, या तिन्हींच्या बेरजेतून १८६० नंतरच्या तीस वर्षांत ती घरोघर पोचली. १८३० आणि १८४० च्या दशकांतल्या चांदीजडित झाऱ्या आहेत, पण त्या मोठ्या घरच्या.

हे मांडताना एक गोष्ट मान्य करायला हवी. निव्वळ करांनी मुठीचे स्पष्टीकरण मिळत नाही. मेजावर वाइन ठेवायला इंग्रजांकडे डिकँटर होताच. बिनमुठीचा, काचेच्या बुचाचा, गळ्यात चांदीच्या साखळीने नावाची पट्टी अडकवलेला. जेवण झाले, मेजावरची चादर काढली, बायका उठून गेल्या की पुरुष तो डिकँटर डावीकडच्या शेजाऱ्याकडे सरकवत. सरकवायच्या भांड्याला मूठ लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर जेवण वाढण्याची पद्धत बदलली. सगळे पदार्थ एकदम मेजावर मांडण्याऐवजी नोकर एकेक पदार्थ पाठीमागून वाढू लागले. तिला रशियन पद्धत म्हणत. आता वाइनही जेवता जेवता, उभ्या नोकराच्या हातून पेल्यात पडू लागली. बसलेल्या पाहुण्याच्या खांद्यावरून ओतायचे तर मूठ हवी, न ठिबकणारी तोटी हवी, अंगठ्याने उघडणारे झाकण हवे. पोर्टचा डिकँटर पाहुण्यांच्या हाती राहिला, क्लॅरेटची झारी नोकराच्या हाती आली. (डिकँटर सरकवण्याची ही रीत कुठवर गेली पाहायचे असेल तर ग्वाल्हेरला जावे. शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावर रूळ आहेत आणि त्यांवरून चांदीची छोटी आगगाडी डिकँटर घेऊन फिरे. पाहुण्याने डिकँटर उचलला की गाडी थांबे. गाडीही विलायतेतच, नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीत घडलेली.)

हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या घरी तर ओतणाऱ्या हातांना तोटा नव्हता. क्लॅरेटला इथे साहेब आणि नोकर दोघेही 'लाल शराब' म्हणत. 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात तो शब्द साहेबी उच्चारानिशी नोंदलेला आहे. पाणी आणि वाइन गार करण्यासाठी आबदार नावाचा वेगळा नोकर असे. सोरा घातलेल्या पाण्यात बाटल्या फिरवणे हे त्याचे कसब. खडकीच्या त्या अधिकाऱ्याकडे आबदार असण्याचा काळ मागे पडला होता, पण झारी मात्र त्या काळातून चालत आली होती.

घाटांचे पुष्कळ प्रकार झाले. काही ग्रीक कुंभांसारखे, काही सुरयांसारखे. स्कॉटलंडच्या ओपन गोल्फ स्पर्धेसाठी १८७३ मध्ये एडिंबरोच्या मॅके कनिंगहॅम कंपनीने घडवलेले पारितोषिक म्हणजे क्लॅरेटची झारीच, पण ती सगळी चांदीची. १८८१-८२ मध्ये अलेक्झांडर क्रिक्टन याने बदके, काकाकुवे, वॉलरस यांच्या आकाराच्या झाऱ्या काढल्या. अंग काचेचे आणि मुंडके चांदीचे. त्या आज लिलावात भारी किमतीला जातात. मला त्या आवडत नाहीत. मान मागे मोडून बदकाच्या घशातून वाइन ओतायची, ही कल्पना एका संध्याकाळपुरती गमतीची. मला आवडतो तो ख्रिस्टोफर ड्रेसर. हा मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. १८७३ च्या आपल्या पुस्तकात त्याने भांड्याची मूठ आणि तोटी यांचा हिशेब मांडला. भरलेले भांडे उचलताना वजन कुठे पडते आणि ओतताना मनगटाला किती वळावे लागते, हा त्याचा प्रश्न. १८७६-७७ मध्ये तो जपानला जाऊन आला आणि नंतर बर्मिंगहॅमच्या ह्यूकिन अँड हीथ कंपनीसाठी त्याने ज्या झाऱ्या काढल्या त्यांवर नक्षीचा लवलेश नाही. साधी काच, चांदीचा किंवा चांदीच्या मुलाम्याचा सरळ पट्टा आणि आबनुसाची काठीसारखी मूठ. दीडशे वर्षांपूर्वीच्या या वस्तू काल घडवल्यासारख्या दिसतात. एलकिंग्टनने १८४० मध्ये विजेने मुलामा देण्याचे पेटंट घेतल्यापासून चांदीचा थाट आणखी स्वस्त झाला होता. मुलाम्याच्या भांड्यांवर चांदीसारखेच दिसणारे ओळीने चार ठसे असतात आणि नवखा माणूस तिथे हमखास फसतो. ई. पी. एन. एस. ही अक्षरे दिसली की ती चांदी नव्हे, निकेलच्या मिश्रधातूवरचा मुलामा आहे, एवढे लक्षात ठेवावे.

आता ठशांकडे आणि माझ्या चुकीकडे येतो.

इंग्रजांची ठशांची व्यवस्था १३०० सालापासूनची. चांदीत हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी हवी. लंडनच्या तपासणीघराचा ठसा म्हणजे बिबट्याचे तोंड, बर्मिंगहॅमचा नांगर, शेफील्डचा त्या काळी मुकुट. ही शेवटची दोन घरे १७७३ मधली. शुद्धतेचा ठसा चालणारा सिंह, १५४४ पासून. कारागिराची आद्याक्षरे. वर्षाचे अक्षर, जे १४७८ पासून दर वर्षी बदलत आले. आणि १७८४ पासून १८९० पर्यंत, कर भरल्याची पावती म्हणून राजाचे किंवा राणीचे डोके. काचेच्या झारीत हे कसे जमवायचे? काचेवर बसवलेल्या चांदीवर हातोडीने ठसा मारला तर काच फुटेल. म्हणून काचेच्या मानेच्या मापाने कडे, मूठ, झाकण आधी घडवायचे, ते सुटेच तपासणीघरात पाठवायचे, तिथे थोडी चांदी खरवडून कस पाहायचा, ठसे मारायचे, मग परत आणून शेवटची सफाई करायची आणि सगळ्यांत शेवटी काचेच्या मानेवर कडे बसवून मधली फट प्लास्टर ऑफ पॅरिसने भरायची. चांदी आणि काच यांना जोडून ठेवणारी वस्तू म्हणजे हे साधे प्लास्टर. म्हणूनच असली झारी पाण्यात बुडवून ठेवू नये, सांधा हलू लागतो. बाईंकडे ती दर चैत्रात कोमट पाण्यात घासली जाई आणि तिचे कडे किंचित हलत होते.

त्या दिवशी भिंगातून मला कड्यावर पाच ठसे स्वच्छ दिसले. आद्याक्षरे, बिबट्या, सिंह, मोठे रोमन 'सी' हे अक्षर आणि राणीचे डोके. लंडनमध्ये हे 'सी' म्हणजे १८७८ च्या मेअखेरीपासूनचे वर्ष. झाकणाच्या आत मात्र फक्त सिंह दिसला. बिबट्या नाही, राणी नाही. मी स्वतःवर खूश होऊन अनुमान काढले की राणीचे डोके नाही, म्हणजे झाकण १८९० नंतरचे. मूळ झाकण मोडले असणार आणि दुसरे आणून बसवले असणार. "झाकण मागाहूनचे आहे, बाई," मी म्हणालो. "जोडकाम आहे. अस्सल नाही."

बाईंनी पुढच्या वर्षी झारी विकली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवे होते. दुकानदाराने त्यांना फसवले नाही. बाईंनीच माझे म्हणणे त्याला प्रामाणिकपणे सांगितले आणि त्याने त्याप्रमाणे किंमत दिली.

पाचएक वर्षांनी काही जुन्या लिलाव-याद्यांतली झाऱ्यांची वर्णने मी एकापुढे एक वाचत होतो. चहाच्या किटल्या, मोहरीची भांडी, झाऱ्या, सगळीकडे एकच गोष्ट परत परत येत होती. मुख्य अंगावर पुरे ठसे आणि झाकणावर अर्धवट. सुट्या किंवा लहान भागावर सगळे पाच ठसे मारायची गरज नसे. सिंह, कधी वर्षाचे अक्षर, कधी कारागिराची आद्याक्षरे, एवढ्यावर भागत असे. राणीचे डोके झाकणावर नसणे यातून काहीही सिद्ध होत नाही. हे कुठल्याही इंग्रज चांदीवाल्याच्या उमेदवाराला पहिल्या महिन्यात कळत असेल. मला ते कळायला आठ-नऊ वर्षे लागली, कारण चुकलो तर कान धरणारे कोणी नव्हते.

त्या दिवशीचे फोटो माझ्याकडे होते. झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो पडद्यावर मोठा करून पाहिला. बिजागरीच्या मुळाशी, पॉलिशच्या वाळलेल्या पांढऱ्या पुटाखाली, सिंहाच्या शेजारी एक अर्धे बुजलेले अक्षर होते. मोठे रोमन 'सी'. झाकण पहिल्यापासून तिचेच होते.

मी बाईंना जाऊन सांगितले. त्या कोच्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मग लिहून टाक ते कुठेतरी. नुसतं मला सांगून काय उपयोग?" एवढे झाल्यावर त्यांनी चहा टाकायला सांगितला. त्या गेल्यालाही आता दोन वर्षे झाली.

दुकानात मी दोनदा जाऊन आलो. झारी केव्हाच गेली होती आणि कुणाकडे गेली ते त्यालाही आठवत नव्हते. परदेशी गेली असावी, असे तो म्हणाला. आता लिलावांच्या याद्या चाळताना लंडन, १८७८, पैलूंची काच, झाकणावर ढालवाला सिंह अशी नोंद दिसली की मी फोटो मोठा करून तळाशी, मुठीच्या डाव्या हाताला, तांदळाएवढा टवका आहे का ते पाहतो. बाईंच्या मोठ्या मुलाने लहानपणी ती नळावर आपटली होती, तेव्हाचा तो टवका.